आईबापांची साक्ष

एखादे मूल एका जागी पाच मिनिटे बसत नाही. सांगितलेले काम अर्ध्यावर टाकून दुसरेच काही हाती घेते, वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडून मोकळे होते आणि पट्टी, पेन्सिल, डबा यांतले काही ना काही रोज हरवून घरी येते. दुसरे एखादे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही. डब्याचे झाकण तासन् तास गरगर फिरवीत बसते. उशिरा बोलू लागते आणि बोलू लागले तरी समोरच्याशी बोलत नाही. अशा मुलाविषयी शेजारी, आप्तेष्ट आणि शिक्षक यांच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? मुलाला नेमके काय होते आहे, हा प्रश्न मागाहून येतो. आधी विचारले जाते ते असे : ‘आईचे लक्ष कोठे आहे?’ ‘खाण तशी माती’ ही म्हण तर आपल्याकडे तयारच आहे.

श्रोतेहो, हा आरोप केवळ आळीतल्या मंडळींनी केला असता, तर त्याचा इतिहास सांगण्याचे काही प्रयोजन नव्हते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास हाच आरोप मोठमोठ्या विद्यापीठांतून, जाड ग्रंथांतून आणि शास्त्राच्या भाषेत केला गेला. त्यामुळे हजारो आयांच्या आयुष्याची राख झाली. तो आरोप कसा उभा राहिला आणि कसा कोसळला, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मुलाबरोबर रात्रंदिवस राहणाऱ्या माणसाचे म्हणणे जेव्हा जेव्हा साक्ष म्हणून ऐकले गेले, तेव्हा तेव्हा हे शास्त्र पुढे सरकले. आणि त्याच माणसाला जेव्हा आरोपी म्हणून पिंजऱ्यात उभे केले, तेव्हा ते वर्षानुवर्षे जागचे हलले नाही.

आव्हेरोंचा मुलगा

इ. स. १८०० च्या जानेवारीत फ्रान्सच्या दक्षिणेकडील आव्हेरों भागात, सेंत-सर्नँ या गावाजवळ रानातून एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा बाहेर आला. अंगावर धड वस्त्र नाही, तोंडात शब्द नाही. त्याला पॅरिसला आणले गेले तेव्हा त्याला पाहावयास गर्दी लोटली. वेड लागलेल्या रुग्णांना माणुसकीने वागवावे असा आग्रह धरणारा थोर वैद्य फिलिप पिनेल याने त्याला तपासले आणि हा जन्मतःच मंदबुद्धी असून सुधारण्याची आशा नाही, असा निर्वाळा दिला. मुक्या-बहिऱ्यांच्या संस्थेतील सव्वीस वर्षांच्या झाँ इतार या वैद्याला मात्र तो निर्वाळा पटला नाही. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि सुमारे पाच वर्षे त्याला शिकविण्याचा खटाटोप केला. १८०१ व १८०६ साली त्याने लिहिलेले दोन वृत्तांत हे अशा मुलांच्या शिक्षणावरील आद्य लेखन होय.

व्हिक्टर थोडी अक्षरे जुळवू लागला, काही वस्तूंची नावे ओळखू लागला; परंतु बोलू शकला नाही. इतार अखेर निराश होऊन बाजूला झाला. इतिहासाची पुस्तके बहुधा येथेच थांबतात. वस्तुतः व्हिक्टर त्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ जगला आणि १८२८ साली वारला. तो जगला तो मादाम गेरँ या बाईच्या घरी. सरकार तिला त्यासाठी वर्षाला दीडशे फ्रँक देत असे. त्याला न्हाऊ-माखू घालणे, फिरावयास नेणे, त्याचा राग ओसरेपर्यंत थांबणे, हे सारे तीच करीत होती.

इतारच्या दुसऱ्या वृत्तांतात एक प्रसंग आहे. जेवणाच्या मेजावर ताटे मांडण्याचे काम व्हिक्टरकडे असे. मादाम गेरँचा नवरा वारला तेव्हा व्हिक्टरने नेहमीप्रमाणे त्याचेही ताट मांडले. ते पाहून बाईला रडू कोसळले. व्हिक्टरने ते ताट उचलले, फडताळात नेऊन ठेवले आणि पुन्हा कधी मांडले नाही. ज्याच्या ठायी भावना नाही असे विद्वानांनी ठरविले होते, त्या मुलाने दुसऱ्याचे दुःख ओळखले होते. हे परीक्षेच्या खोलीत दिसले नाही, स्वयंपाकघरात दिसले. इतारचा मोठेपणा हा की त्याने ते लिहून ठेवले.

या वृत्तांताची परंपरा पुढे कोठवर गेली हे पाहण्यासारखे आहे. इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने मंदबुद्धी मुलांच्या शिक्षणाची पद्धतशीर मांडणी केली. पुढे रोममध्ये मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी अशा मुलांना शिकविताना इतार व सेगँ या दोघांचे लेखन स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले. तीच साधने घेऊन त्यांनी १९०७ साली सान लोरेंझो या गरीब वस्तीत सर्वसाधारण मुलांसाठी बालगृह उघडले. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि १९४५ पासून बोर्डीला तोच विचार खेड्यातल्या मुलांपर्यंत नेला. आपल्या बालवाडीतील मूल आज लाकडी ठोकळे आणि खरखरीत अक्षरे हाताळते, त्यामागे आव्हेरोंच्या त्या मुक्या मुलाची पाच वर्षे आहेत. अडचण असलेल्या मुलांसाठी शोधलेली पद्धत सर्वच मुलांना उपयोगी पडली, हा धडा शाळा चालविणारांनी विसरू नये.

कळते पण वळत नाही

आता चंचल मुलांकडे वळू. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९०२ च्या मार्चमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्याने दिली. बुद्धीने चांगली असूनही लक्ष टिकवू न शकणारी, क्षणात उसळणारी, शिक्षा झाली तरी तासाभराने तेच करणारी अनेक मुले त्याने पाहिली होती. या मुलांत ‘नैतिक नियंत्रणाची’ उणीव आहे, असे त्याने म्हटले. हा शब्द आज आपणांस कडू लागतो, आणि तो कडू आहेच. तथापि स्टिलने एक गोष्ट स्वच्छ पाहिली होती. यांतील कित्येक मुले नीट वळण असलेल्या घरांतून आलेली होती. जेथे संगोपनातच उघड दोष आहे, ती मुले या वर्गात धरू नयेत असे त्याचे मत होते. म्हणजे आरोपाविरुद्धचा पहिला पुरावा १९०२ सालीच नोंदला गेला होता.

आपल्या भाषेत या अवस्थेचे वर्णन स्टिलच्या शब्दांपेक्षा अधिक नेमके आहे. आपण म्हणतो, ‘कळते पण वळत नाही.’ सामान्यतः हे वाक्य आपण रागाने उच्चारतो. पण रसेल बार्कले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कित्येक वर्षांच्या अभ्यासानंतर जवळजवळ हाच निष्कर्ष काढला. या मुलांना काय करावे हे ठाऊक असते. ठाऊक असलेले त्या क्षणी अमलात आणणे त्यांना जड जाते. तेव्हा त्यांना तीच गोष्ट शंभरदा समजावून सांगण्यात काय हशील? कळण्यात कमतरता नसताना आपण कळण्याचाच उपाय करीत बसतो.

या मुलांवरील औषधाचा शोधही एका आईबापांच्या दुःखातून उगवला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात जॉर्ज ब्रॅडली या धनिकाची एकुलती एक मुलगी एमा सातव्या वर्षी मेंदूज्वराने आजारी पडली आणि कायमची अपंग झाली. अशा मुलांना ठेवून घेणारी एकही जागा आईबापांना सापडली नाही. म्हणून त्यांनी आपली इस्टेट अशा मुलांच्या रुग्णालयासाठी लिहून ठेवली, आणि १९३१ साली ते एमाच्या नावाने उघडले. त्याच घराण्यातील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली तेथे काम करीत होता. मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांचे डोके फार दुखे. त्यावर उतारा म्हणून त्याने बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण शिक्षकांनी येऊन सांगितले की काही मुले एकाएकी नेटाने अभ्यास करू लागली आहेत. मुलांनी स्वतःच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असे नाव ठेवले. १९३७ साली ब्रॅडलीने तीस मुलांचा वृत्तांत छापला. त्यांतील चौदा मुलांत शाळेच्या कामात विलक्षण फरक पडला होता.

एवढा शोध लागूनही पुढची वीसएक वर्षे त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. याचे एक मोठे कारण असे की, त्या काळच्या मनोवैद्यकावर मनोविश्लेषणाचा पगडा बसला होता, आणि मुलाचे वर्तन बिघडले तर त्याचे मूळ आईच्या वागणुकीत शोधावयाचे, असा दंडक पडला होता. आता त्या आरोपाकडेच जावे लागते.

आरोप

१९३८ च्या ऑक्टोबरात मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावातून एक जोडपे आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बाल्टिमोरला लिओ कॅनर या बालमनोवैद्याकडे आले. मुलाचे नाव डोनल्ड ट्रिपलेट. डॉक्टरांनी त्याला आधी एका संस्थेत ठेवावयास लावले होते. जवळजवळ वर्षाने आईबापांनी तो सल्ला झुगारून मुलाला घरी आणले होते. भेटीपूर्वी वडिलांनी कॅनरला एक पत्र पाठविले, तेहतीस पाने टंकलिखित. मूल केव्हा काय बोलले, कोणत्या वस्तू फिरवी, कशाने संतापे, काय पाठ म्हणे, सर्व तपशीलवार. कॅनरने १९४३ साली अकरा मुलांविषयी जो निबंध लिहिला आणि ज्यामुळे स्वमग्नता ही अवस्था जगाला माहीत झाली, त्यातील पहिले मूल हा डोनल्ड होय. निबंधाचा पहिला आधार म्हणजे बापाचे ते पत्र.

आणि येथेच इतिहास उलटा फिरला. निबंधाच्या शेवटी कॅनरने ही उणीव जन्मजात आहे असेच म्हटले. पण त्याबरोबर या मुलांच्या आईबापांत खऱ्या जिव्हाळ्याची माणसे थोडी दिसतात, अशीही नोंद केली. जो बाप तेहतीस पाने लिहून आणतो तो कोरडा असला पाहिजे, असा अर्थ लावला गेला. १९४९ सालच्या निबंधात कॅनरने या घरांची तुलना शीतकपाटाशी केली. शब्द झणझणीत होता. तो वृत्तपत्रांनी उचलला. पुढे शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम याने या मताचा कळस केला. हा मनुष्य स्वतः नाझींच्या डाखाऊ व बुकेनवाल्ड येथील छळछावण्यांतून सुटून आलेला. तेथे काही कैदी जगाशी संबंध तोडून स्वतःत मिटून गेलेले त्याने पाहिले होते. स्वमग्न मूलही तसेच मिटलेले असते, आणि त्याच्या दृष्टीने पहारेकरी असते ती आई, अशी उपपत्ती त्याने १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात मांडली. उपाय काय? मुलाला आईबापांपासून दूर करणे.

या उपपत्तीत तर्काची चूक कोठे आहे ते नीट पाहिले पाहिजे, कारण ती चूक आपण आजही करतो. विद्वानांनी पाहिले ते खोटे नव्हते. थकलेल्या, ताणलेल्या, हसू हरवलेल्या आया त्यांनी पाहिल्या होत्या. पण ज्या आईच्या हाकेला मुलाने चार वर्षांत ओ दिली नाही, तिचा चेहरा कसा असेल? त्यांनी परिणामालाच कारण ठरविले. शिवाय त्याच घरांतील इतर भावंडे सर्वसाधारण वाढत होती, ही गोष्ट त्यांनी बाजूला सारली. दोष आईच्या स्वभावात असता तर तो एकाच मुलापुरता कसा राहिला असता? आणि या सर्व काळात वडिलांवर आरोप झाला तो थोडा. बोट दाखविले गेले ते मुख्यतः आईकडे.

सुटका

आरोपीच्या पिंजऱ्यातूनच एक जण उठला. बर्नार्ड रिमलँड हा अमेरिकन नौदलात काम करणारा मानसशास्त्रज्ञ. १९५६ साली जन्मलेला त्याचा मुलगा मार्क स्वमग्न होता. आपल्या बायकोने मुलाला झिडकारले नाही हे तो डोळ्यांनी पाहत होता. त्याने उपलब्ध असलेले सारे वाङ्मय वाचून काढले आणि आईला दोषी ठरविणारा एकही धड पुरावा त्यात नाही, हे १९६४ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली लिओ कॅनरने. १९६५ साली रिमलँड आणि इतर पालकांनी मिळून राष्ट्रीय संघटना उभारली. त्या संघटनेच्या १९६९ च्या वॉशिंग्टनमधील सभेत पंचाहत्तरीच्या कॅनरने उभे राहून आईबापांना जाहीरपणे निर्दोष ठरविले. सभागृहातील पालक उठून उभे राहिले असतील, यात नवल ते काय!

इंग्लंडातही हेच घडत होते. लॉर्ना विंग ही लंडनची मनोवैद्य. तिची मुलगी सूझी स्वमग्न होती. तिने १९६२ साली इतर पालकांबरोबर तेथील संस्था स्थापन केली. पुढे ज्यूडिथ गुल्ड हिच्यासह लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी करून १९७९ साली तिने दाखविले की, कॅनरने वर्णिलेली मुले हे एका मोठ्या पटाचे एक टोक आहे. त्याच्या अल्याड कमीअधिक अडचणींची कितीतरी मुले आहेत. स्वमग्नतेला आज आपण वर्णपट समजतो, ही दृष्टी त्या आईची. १९७७ साली सुझन फॉल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास छापला. अगदी एकसारख्या असणाऱ्या अकरा जुळ्या जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती; वेगवेगळ्या दिसणाऱ्या दहा जोड्यांत अशी एकही नव्हती. दोष पाळण्यात नसून आनुवंशिकतेत शोधावयास हवा, हे त्यातून स्पष्ट झाले.

चंचल मुलांच्या बाबतीत निवाडा झाला तो १९७९ साली, एका साध्या प्रयोगाने. बार्कले आणि चार्ल्स कनिंगहॅम यांनी अतिचंचल मुलांना त्यांच्या आयांसह एका खोलीत बसविले आणि दोघांचे वागणे टिपून घेतले. मुलांना काही काळ खरे औषध दिले, काही काळ तशीच दिसणारी पोकळ गोळी. औषध चालू असताना मूल अधिक ऐकू लागले, हे अपेक्षितच होते. परंतु त्याबरोबर आईही पालटली! तिचे हुकूम सोडणे, टोकणे कमी झाले. मुलाला प्रतिसाद देणे वाढले. गोळी घेतली होती मुलाने. आईने काहीच घेतले नव्हते. आईच्या कटकटीमुळे मूल चंचल होते, की मुलाच्या चंचलपणामुळे आईची कटकट वाढते, या शेकडो वर्षांच्या वादाला याहून सोपे उत्तर क्वचितच मिळाले असेल.

पुढील संशोधनाने या चंचलतेत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के धरला आहे. याचा अर्थ असा की, मुलामुलांत याबाबतीत जो फरक दिसतो त्याचा बराच भाग वंशातून येतो. २०१३ साली अमेरिकन मनोवैद्यकाच्या वर्गीकरणात स्वमग्नता, अवधानाची उणीव व अध्ययनातील अक्षमता यांना मेंदूच्या विकासातील अडचणी म्हणून एकाच प्रकरणात आणले गेले. एकाच मुलात स्वमग्नता व अतिचंचलता दोन्ही असू शकतात, हे मान्य झाले तेही तेव्हाच. म्हणजे ‘खाण तशी माती’ ही म्हण एका वेगळ्याच अर्थाने खरी ठरली. चंचल मुलाच्या बापाचे शाळेतले दिवस कित्येकदा तसेच गेलेले असतात. खाणीने मातीला आपला रंग दिला खरा. पण रंग देणे हा काही गुन्हा नव्हे.

मग आईबापांचे काम काय?

येथे कोणी म्हणेल, आईबाप कारण नसतील तर त्यांच्या वागण्याने फरक तरी काय पडणार? ही दुसरी तर्कदुष्टता आहे. छत्री विसरली म्हणून पाऊस पडत नाही. पण छत्री घेतली तर मूल भिजत नाही. कारण आणि उपाय या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अमेरिका व कॅनडा येथे ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेला एक मोठा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. काहींना काळजीपूर्वक औषध, काहींच्या आईबापांना व शिक्षकांना वळण लावण्याचे शिक्षण, काहींना दोन्ही, आणि काहींना गावातले नेहमीचे उपचार, अशी चार गटांत वाटणी होती. चंचलता व लक्ष यांपुरते पाहता औषधाचे पारडे जड ठरले. पण घरातील संबंध आणि इतर अडचणी पाहता दोन्ही उपाय मिळालेल्या मुलांना काही अधिक लाभ झाला. मात्र तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटागटांतला फरक विरून गेला होता. गोळी सुरू केली आणि काम संपले, असे या वाटेवर होत नाही. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्थाही आधी आईबापांचे शिक्षण, आणि ते पुरे पडले नाही तरच औषध, असा क्रम सांगते.

हे शिक्षण म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. एका वेळी एकच सूचना, तीही थोडक्या शब्दांत व जवळ जाऊन द्यावी. मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडावे. जमले त्याची शाबासकी तेथल्या तेथे द्यावी, कारण रविवारी मिळणारे बक्षीस या मुलाच्या मनापासून फार दूर असते. दिवसाचा क्रम शक्यतो तोच ठेवावा. शिक्षा करावी लागली तर ती लहान, ठरलेली आणि राग न आणता करावी. यांतील पुष्कळशा गोष्टी मादाम गेरँच्या घरी न शिकविताच चालत असणार. फरक एवढाच की आज त्या पारखून घेतलेल्या आहेत.

साक्षीलाही उलटतपासणी हवी

एवढे सांगून थांबलो तर इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. आईबापांची साक्ष मोलाची असली तरी साक्षीदार न्यायाधीश नसतो. १९९८ साली इंग्लंडात अँड्र्यू वेकफील्ड याने बारा मुलांच्या आधारे एक निबंध छापून गोवर वगैरे रोगांच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. लस टोचली आणि मग मूल बदलले, असे कित्येक आईबाप कळवळून सांगत होते. ते खोटे बोलत नव्हते. लस देण्याचे वय आणि स्वमग्नतेची लक्षणे उमटण्याचे वय साधारण एकच आहे, एवढेच. लाखो मुलांची पाहणी झाल्यावर असा काही संबंध नाही हे सिद्ध झाले. २०१० साली तो निबंध मागे घेण्यात आला आणि वेकफील्डचा वैद्यकीचा परवानाही गेला. तोवर लस नाकारल्याने गोवराच्या साथी परतल्या होत्या. दुःखाची गोष्ट अशी की, आयांची सुटका करणारा रिमलँडही उतारवयात लसीवरील संशयाच्या बाजूने उभा राहिला. आईबापांनी काय पाहिले ते ऐकावे. ते का घडले हे मात्र सर्वांनी मिळून तपासावे. त्या दोहोंची गल्लत झाली की नवा आरोपी शोधला जातो.

आपल्याकडे

आपल्या देशात काय घडले? १९१२ च्या लूनसी अ‍ॅक्टात वेड्याची व्याख्या करताना मंदबुद्धी माणसालाही त्याच शब्दात गोवले होते. १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा १९९३ साली अमलात येईपर्यंत ही व्याख्या टिकली. कायदा असा असताना पहिली पावले टाकली ती येथेही आईबापांनीच. मुंबईत होरमसजी व दीना वकील या दांपत्याची मुलगी जय हिला डाउन सिंड्रोम होता. तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा नाही म्हणून त्यांनी १९४४ साली आपल्या घरीच शाळा सुरू केली. जय वकील या नावाने ती संस्था आज शिवडीला उभी आहे. १९७२ साली मुंबईतच मिठू अलूर यांनी आपल्या मालिनी या मुलीच्या निमित्ताने मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी संस्था काढली. प्रत्येक ठिकाणी गोष्ट एकच : आधी एक मूल, मग एक घर, मग शाळा, आणि सरकार सर्वांत शेवटी.

सरकार आले ते सावकाश आले. शिकण्यातील अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्राने १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आले. त्या न्यासाच्या मंडळावर पालकसंघटनांच्या प्रतिनिधींना कायद्यानेच जागा मिळाली. ज्यांना आरोपी ठरविले होते, त्यांना खुर्ची मिळाली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययनातील अक्षमताही आहे. केवळ अवधानाची उणीव व अतिचंचलता असलेल्या मुलाचे नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. ते मूल आंधळे नाही, पांगळे नाही, मंदबुद्धीही नाही. ते नुसते ‘द्वाड’ आहे. ज्या अडचणीला कायद्यात नाव नाही, तिचे खापर घरावर फुटणे सोपे असते. म्हणून जुना आरोप आज सर्वांत जिवंत आहे तो या मुलांच्या आयांवर. आजीच्या तोंडी तो ‘लाडावून ठेवलाय’ असा असतो. शाळेच्या तोंडी ‘घरी लक्ष द्या’ असा. अलीकडे ‘मोबाइल दिला तुम्हीच’ असा. मोबाइल मुलाच्या हातातून जरूर काढावा; पण स्टिलने ही मुले पाहिली तेव्हा मोबाइल नव्हता, हेही आठवावे.

हा आरोप नुसता अन्यायाचा असता तरी पुरे होते. तो घातकही आहे. ज्या आईला आपण दोषी आहोत असे वाटते, ती मूल लपविते. तपासणीस जाण्यास वर्ष-दोन वर्षे उशीर करते. शाळेत विचारले तर ‘घरी शहाणा असतो’ असे सांगते. साक्षीदाराला धमकावले म्हणजे साक्ष बुजते, हा कोर्टातला अनुभव येथेही खरा आहे. नुकसान होते ते मुलाचे, आणि त्याच्या आयुष्यातली पहिली काही वर्षे परत मिळत नाहीत.

डोनल्ड ट्रिपलेटचे पुढे काय झाले, हे सांगून हा इतिहास पुरा करतो. ज्याला संस्थेत विसरून जावे असा सल्ला मिळाला होता, तो मुलगा आपल्या गावात राहिला. काही काळ शेजारच्या एका शेतकरी दांपत्याकडे राहून कामाला लागला, शाळा-कॉलेज शिकला, मोटार चालवू लागला. गावातील बँकेत त्याने कित्येक वर्षे नोकरी केली आणि जगभर प्रवास केला. २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. त्याची अडचण नाहीशी झाली नव्हती. गावाने ती ओळखून त्याला जागा करून दिली होती.

असे गाव आपल्यालाही होता येईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पुढील महिन्यात शाळा उघडतील, आणि पहिल्या पंधरवड्यातच कोणत्या ना कोणत्या आईला चिठ्ठी पाठवून बोलाविले जाईल. त्या वेळी मुख्याध्यापकांनी, शिक्षकांनी किंवा घरातील वडीलधाऱ्यांनी तिला ‘तुमचे लक्ष कोठे असते?’ असे विचारू नये. तिला बसावयास खुर्ची द्यावी आणि विचारावे, ‘याला केव्हा जमते, केव्हा जमत नाही, आणि जमते तेव्हा तुम्ही काय केलेले असते?’ मग ती सांगेल ते लिहून घ्यावे. कदाचित तेहतीस पाने भरतील. पण मुलाची अडचण ओळखावयास आरंभ तेथूनच होईल.